प्रत्येक गाठीचे वेगळे नाव

(शहागड येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी निरनिराळ्या जातींच्या गाठी असणे, हा माझा आजचा विषय. डॉक्टरांच्या परिषदेत शोभेल असा हा विषय शहागडला कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. मी तो मुद्दाम निवडला आहे. आजाराची पहिली चाहूल गावात लागते. वडीगोद्रीच्या शिवारात उसाला पाणी देताना माणसाला फिट येते, इथल्या दवाखान्यात सलाईन लागते, तिथून अंबड, जालना, नाहीतर हायवेने सरळ छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. स्कॅन होतो. एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी गाठी आहेत, असे रिपोर्टात लिहून येते. मग नात्यातले एखादे जाणते माणूस मुलाला बाजूला घेते आणि सांगते, "पसरलंय रे. आता खर्चात पडू नका. घरी घेऊन चला."

हे बोलणे मी वॉर्डाच्या व्हरांड्यात फार वेळा ऐकले आहे. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण सांगणे चुकीचे असू शकते. एकापेक्षा जास्त गाठी म्हणजे पसरलेला कॅन्सर, हे समीकरण आपण मनातून काढले पाहिजे. डोक्यात दिसणाऱ्या प्रत्येक डागाची ओळख स्वतंत्रपणे पटायला हवी. ती पटेपर्यंत त्यावर उपचारांचा निर्णय घेऊ नये आणि आशाही सोडू नये. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, पण ते नीट समजायला थोडे खोलात जावे लागेल.

डोक्यातल्या गाठींच्या जाती पुष्कळ आहेत. आज आपल्याला चार-पाच पुरतील. मेंदूभोवतीच्या आवरणातून निघणारी गाठ म्हणजे मेनिंजिओमा. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने हे नाव 1922 साली दिले. ही बहुधा सावकाश वाढते आणि बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. मेंदूच्याच आधारपेशींतून निघतो तो ग्लायोमा. नसांच्या वेष्टणातून निघतो तो श्वानोमा, आणि तो बहुतेकदा कानाकडे जाणाऱ्या नसेवर. पीयूषिका ग्रंथीची, म्हणजे पिट्युटरीची गाठ वेगळी. आणि फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड अशा दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून मेंदूत येऊन रुजतात, त्याला मेटास्टॅसिस म्हणतात. मेनिंजिओमा आणि ग्लायोमा यांच्यातला फरक शेतकऱ्याला लगेच कळेल. पहिला रानातल्या धोंड्यासारखा, बाजूची माती मोकळी केली की उचलता येतो. दुसरा हरळीसारखा, वर दिसते ती खणून काढली तरी मुळ्या कुठवर गेल्या आहेत ते डोळ्यांना दिसत नाही. आता विचार करा, एकाच माणसाच्या डोक्यात उजवीकडे धोंडा आहे आणि डावीकडे हरळी. एकाचा तुकडा तपासून दुसऱ्याचा निकाल लावला तर काय होईल?

पण त्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि आपल्या देशात तो फार मोलाचा आहे. दिसते ती गाठ ट्यूमरच आहे का? आपल्याकडे मेंदूत दोन पाहुणे वारंवार सापडतात. एक क्षयाची गाठ, ट्यूबरक्युलोमा. दुसरी फीतकृमीच्या अळीची गाठ, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. या दोन्ही एकाहून जास्त असू शकतात, दोन्हींभोवती सूज येते, दोन्हींमुळे फिट येते आणि शिरेतून काँट्रास्टचे औषध देऊन स्कॅन केला की दोन्हींभोवती गोल कडे उजळते. तसेच कडे मेटास्टॅसिसभोवती आणि जहाल ग्लायोमाभोवतीही दिसते. 1980 च्या दशकात सीटी स्कॅन भारतभर पसरू लागला तेव्हा फिट आलेल्या तरुणांच्या डोक्यात लहानसे उजळ कडे दिसे, क्षयाची औषधे सुरू होत आणि काही आठवड्यांनी कडे नाहीसे होई. औषध लागू पडले, असे सगळ्यांना वाटे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कड्यांचे तुकडे तपासले. त्यांतल्या पुष्कळांत फीतकृमीची मरू घातलेली अळी निघाली. ती आपल्या मरणाने मरत होती, आणि श्रेय क्षयाच्या गोळ्यांना जात होते. पुढे त्यांनीच खूण सांगितली: गाठ 20 मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, आकार वेडावाकडा असेल, मेंदूची मध्यरेषा सरकली असेल तर क्षयाकडे लक्ष द्या, लहान, गोल आणि एकटी असेल तर अळीचा विचार करा. स्कॅनमध्ये त्या पाण्याच्या गोळीत अळीचे डोके टिंबासारखे दिसले तर शंकेला जागाच उरत नाही.

ही अळी डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होते, हा समज चुकीचा आहे. माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली फीतकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातावरून पोटात जातात आणि मेंदूतली अळी त्या अंड्यांतून येते. पक्का शाकाहारी माणूसही त्यातून सुटत नाही. कोथिंबीर, मुळा, गाजर वाहत्या स्वच्छ पाण्यात चोळून धुवा, एवढे मी आयाबायांना हात जोडून सांगतो.

आता पसरलेल्या कॅन्सरकडे येऊ. एखाद्या बाईंना पाच वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता, त्या बऱ्या झाल्या, आणि आता डोक्यात गाठ दिसली. सगळ्यांचा पहिला विचार एकच असतो, आणि तो बहुतेकदा खराही ठरतो. पण नेहमी नाही. अमेरिकेत डॉ. पॅचेल यांनी 1990 साली छापलेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना दर वर्षी वाचायला लावतो. शरीरात कॅन्सर असल्याचे माहीत असलेले आणि मेंदूत एकच डाग दिसलेले 54 रुग्ण त्यांनी अभ्यासासाठी घेतले आणि उपचारांआधी तुकडा तपासला. त्यांतल्या 6 जणांच्या डोक्यात पसरलेला कॅन्सर नव्हताच. दुसरीच गाठ होती, नाहीतर जंतुसंसर्ग किंवा दाह. 54 तले 6! ज्यांना आपण "पसरलंय" म्हणून घरी पाठवले असते, त्यांतले काही बरे होण्यासारखे होते. शिवाय मेनिंजिओमा बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि स्तनाचा कॅन्सरही मुख्यत्वे बायकांचाच. म्हणजे त्याच बाईंच्या डोक्यात एक डाग पसरलेल्या कॅन्सरचा आणि शेजारचा साधा मेनिंजिओमा, असेही होऊ शकते. कधी कधी तर मेनिंजिओमाच्या आतच कॅन्सरच्या पेशी येऊन बसलेल्या सापडतात. त्या गाठीला रक्त भरपूर मिळते आणि ती हळू वाढते, म्हणून तसे होत असावे.

मग निरनिराळ्या गाठी एका डोक्यात येतात कशा? पुष्कळदा निव्वळ योगायोगाने. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात 45 वर्षांवरच्या 2,000 लोकांचा मेंदूचा एमआरआय केला. त्याचा निष्कर्ष 2007 साली आला. मेंदूच्या तक्रारीसाठी आलेले हे लोक नव्हते, तरी 0.9 टक्के लोकांच्या डोक्यात मेनिंजिओमा निघाला. शंभरात जवळजवळ एक. त्यांतल्या कुणाला पुढे ग्लायोमा झाला, कुणाला पिट्युटरीची गाठ झाली, तर स्कॅनमध्ये दोन जाती शेजारी शेजारी दिसणारच. दोन जातींची जोडी एकूण दुर्मिळच असते, आणि असल्या जोड्यांत मेनिंजिओमा व ग्लायोमा ही जोडी सगळ्यात जास्त आढळते.

दुसरे कारण किरणोत्सर्ग. इस्रायलमध्ये 1948 ते 1960 या काळात डोक्यात खवडे झालेल्या सुमारे 11,000 मुलांना क्ष-किरण देण्यात आले. त्या काळी जगभर ही मान्य पद्धत होती. मुले मोठी झाली. 1988 साली हिशेब मांडला तेव्हा किरण न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात मेनिंजिओमा साडेनऊ पट आणि ग्लायोमा अडीच पटींहून जास्त आढळला. लहानपणी रक्ताच्या कॅन्सरसाठी डोक्याला किरण घेतलेल्यांतही असा धोका वाढतो. म्हणून दोन गाठी दिसल्या की मी नातेवाइकांना पहिल्यांदा लहानपणचे विचारतो. आईला आठवते, रुग्णाला आठवत नाही. एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा: एखाद्या सीटी स्कॅनमधले किरण उपचाराच्या किरणांच्या मानाने फारच थोडे असतात. त्या धाकाने स्कॅन टाळू नका.

तिसरे कारण आनुवंशिक, आणि या विषयातला सगळ्यात बोलका भाग तिथेच आहे. 1822 साली एडिंबरोच्या जॉन विशार्ट या शल्यचिकित्सकाने 21 वर्षांच्या एका तरुणाची हकीकत छापली. त्याला ऐकू येईनासे झाले होते. मृत्यूनंतर डोके उघडले तेव्हा कवटीत, आवरणावर, मेंदूलगत आणि दोन्ही कानांच्या नसांवर गाठी सापडल्या. आज त्याला आपण एनएफ-2 म्हणतो, आणि हे त्या विकाराचे पहिले नोंदलेले वर्णन मानतात. 1930 साली गार्डनर आणि फ्रेझियर यांनी अमेरिकेतल्या एका घराण्याच्या पाच पिढ्या तपासल्या. त्यांत 38 जण दोन्ही कानांनी बहिरे झालेले होते. 1993 साली 22 व्या गुणसूत्रावरचे बिघडलेले जनुक हाती लागले. ते निरोगी असते तेव्हा पेशींची वाढ रोखून धरते. ते बिघडले की कानाच्या नसांवर श्वानोमा, आवरणावर मेनिंजिओमा, मज्जारज्जूत एपेंडिमोमा अशा तीन जाती एकाच देहात वाढतात. अशा माणसांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या आईवडिलांत हा दोष नसतो. तो त्यांच्यापासूनच सुरू होतो. "आमच्या घराण्यात असलं काही नाही" एवढ्यावर म्हणून थांबता येत नाही. वॉन हिपेल-लिंडाऊ, ली-फ्रॉमेनी असे आणखी काही आनुवंशिक विकार आहेत. त्यांचा विस्तार आज करत नाही. तरुण वयात दोन जातींच्या गाठी दिसल्या तर जनुकांच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, इतके सांगून पुढे जातो.

आता निदान प्रत्यक्ष कसे होते ते दाखवतो. एमआरआयच्या फिल्मवर आम्ही आधी गाठीचा पत्ता शोधतो: ती मेंदूच्या आत आहे की बाहेर? गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये पाण्याची पातळ रेघ दिसली, गाठ आवरणावर रुंद बुडाने बसलेली असली आणि काँट्रास्ट दिल्यावर आवरणालगत निमुळती शेपटी उजळली, तर मेनिंजिओमाची शक्यता वाढते. बुबुळामागून आलेल्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खालून गाठ ढकलत असेल तर पिट्युटरी. मग रक्तात प्रोलॅक्टिन पाहायचे. ते खूप वाढलेले असेल तर त्या गाठीला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागतच नाही, कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनी ती आकसते. शेजारी मेनिंजिओमा असेल तर मात्र तो गोळीला दाद देणार नाही. एका रुग्णाच्या दोन गाठींचे दोन मार्ग झाले ते असे. पुढे डिफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी या तपासण्या गाठीतले पाणी आणि रसायने मोजतात. जहाल ग्लायोमाचा संशय असेल तर निव्वळ चित्रावर थांबता येत नाही, तुकडा लागतो.

इथे एक पथ्य आहे, आणि ते माझ्या तरुण डॉक्टर मित्रांसाठी आहे. मेंदूची सूज उतरवायला आपण डेक्सामेथासोन देतो. लिंफोमा नावाची गाठ या औषधाने काही दिवसांतच विरघळू लागते आणि मग तुकड्यात काहीच सापडत नाही. रुग्ण स्थिर असेल आणि लिंफोमाची शंका असेल तर तुकडा घेईपर्यंत ते थांबवून धरता येते का, हे न्यूरोसर्जनला विचारा. रुग्णांनो, तुम्ही मात्र चालू असलेले हे औषध आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. अचानक बंद केल्याने जीव धोक्यात येतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर मेनिंजिओमा आणि ग्लायोमा यांच्याशी वागण्याची रीत निराळी. हाडाची चकती उचलली, आवरण उघडले की मेनिंजिओमा घट्ट, दाणेदार दिसतो. त्याला आवरणातून येणाऱ्या रक्तवाहिन्या आधी बंद करायच्या, मग अल्ट्रासाउंडच्या यंत्राने गाभा पोकळ करायचा आणि मोकळी झालेली भिंत आत ओढत ओढत मेंदूपासून सोडवायची. घाई केली तर शेजारची शीर फाटते. ग्लायोमात ही भिंत नसते. करडा-गुलाबी भाग कुठे संपला आणि निरोगी मेंदू कुठे सुरू झाला ते सूक्ष्मदर्शकाखालीही धूसर असते. म्हणून काही ठिकाणी रुग्णाला आधी एक औषध पाजतात. निळ्या उजेडात जहाल गाठ गुलाबी चमकते. त्याच वेळी एक तुकडा पॅथॉलॉजी विभागात जातो, आणि थोड्या वेळाने पॅथॉलॉजिस्टचा फोन येतो. पेशी एकमेकींभोवती गुंडाळून भोवरे झालेले दिसले तर ते मेनिंजिओमाकडे बोट दाखवतात. दोन गाठी असतील तर दोन डब्या, दोन नावे, दोन अर्ज. एकाच डबीत दोन्ही तुकडे टाकण्यासारखी घातक चूक नाही.

सगळ्या गाठी एकदाच काढून टाका, असे नातेवाईक म्हणतात. त्यांची तळमळ मला समजते. पण क्रम लावावा लागतो. आज फिट, उलटी, लकवा किंवा दृष्टी जाणे यांपैकी त्रास कोणत्या गाठीमुळे आहे? वेगाने कोणती वाढते? ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सगळ्यात जहाल ग्लायोमा, आणि छोटा मेनिंजिओमा असतील तर ग्लायोब्लास्टोमा आधी. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांत किरणांच्या 30 बैठका आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, ही पद्धत 2005 सालच्या अभ्यासाने पक्की केली. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर गेले. मेनिंजिओमा तोवर थांबू शकतो. दोन्ही गाठी एकाच बाजूला, एकाच उघडीतून हाताशी येत असतील तर दोन्ही एकदम काढता येतात. आणि छोटा, त्रास न देणारा मेनिंजिओमा नुसता ठरावीक काळाने स्कॅन करून पाहत राहणे, हाही पूर्ण उपचार आहे. "डॉक्टर काहीच करत नाहीत" असे कृपा करून समजू नका.

हे सगळे कुठे होते? मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग, किरणोपचार, औषधतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी हे एकत्र बसून निर्णय घेतात अशा ठिकाणी जा. अशा एकत्र बसण्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे आणि आमखास मैदानाजवळ शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. मुंबईत 1941 पासून टाटा मेमोरियल उभे आहे, आणि खारघरला त्याचेच केंद्र आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि कॅन्सरचे उपचार येतात. संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत आहे. नोंदणीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आणि फाइलबद्दल. नुसता रिपोर्टाचा कागद पुरत नाही. स्कॅनची सीडी मागा. तुकडा तपासला असेल तर पॅराफिनचे ब्लॉक आणि स्लाइड रीतसर अर्ज करून घ्या, कारण दुसऱ्या ठिकाणचा पॅथॉलॉजिस्ट ते पाहून जात तपासू शकतो. 2021 च्या जागतिक वर्गीकरणात ग्लायोमाची नावे जनुकांवरून ठरतात. जुन्या ब्लॉकवर आयडीएच जनुकाची चाचणी झाली की उपचाराची दिशा कधी कधी पूर्ण बदलते. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. त्यातले मेण वितळते. मे महिन्यात शहागडहून मुंबईला निघणाऱ्यांना हे सांगायलाच हवे.

शेवटी पुन्हा एनएफ-2 कडे येतो, कारण निरनिराळ्या गाठींवर एकत्र इलाज करण्याची धडपड तिथेच सगळ्यात जास्त चालली आहे. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतात. एका बाजूची काढली तर तिकडचे ऐकणे बहुधा जाते. म्हणून मेंदूच्या खोडाला दाबणारी आधी काढायची आणि दुसरी जमेल तितकी राखायची. किरणांचाही हात जपून, कारण जनुकच कच्चे आहे. लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी 1979 साली अशा रुग्णाच्या मेंदूच्या खोडावर पहिल्यांदा श्रवणयंत्राचे टोक बसवले. नस गेली तरी आवाजाची जाणीव व्हावी म्हणून. चेन्नईत डॉ. मोहन कामेश्वरन यांनी ही शस्त्रक्रिया भारतात रुजवली. बेव्हासिझुमॅब हे इंजेक्शन 10 रुग्णांना दिल्याचा अभ्यास 2009 साली आला, आणि त्यात 9 जणांच्या कानाच्या नसेवरच्या गाठी आकसल्या. मेनिंजिओमावर मात्र त्याचा फारसा प्रभाव दिसला नाही. फुप्फुसाच्या एका कॅन्सरवर वापरली जाणारी ब्रिगॅटिनिब ही गोळी 40 एनएफ-2 रुग्णांना दिल्याचा अभ्यास 2024 साली आला. त्यात उलटेच घडले: मेनिंजिओमा आणि इतर नसांवरच्या गाठी जास्त आकसल्या, कानाच्या नसेवरच्या कमी. देह एक, बिघडलेले जनुक एक, तरी एकच औषध सगळ्या गाठींना सारखे लागू पडले नाही. पुढचे प्रयत्न चालूच आहेत. तोवर ज्या घरात एकाला हा विकार आहे, तिथल्या मुलांची दहा-बारा वर्षांच्या वयाआधीच कानांची आणि डोळ्यांची तपासणी, जनुकचाचणी आणि गरजेप्रमाणे एमआरआय करून घ्यावा. आणि कुठल्याही तरुणाला एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, फोन सतत दुसऱ्या कानाला लावावा लागू लागला, तर कानात मळ आहे म्हणून सोडून न देता ऑडिओमेट्री करून घ्यावी.